न लिहिलेला अहवाल

'दास लेबेन देअर आन्देरेन' म्हणजे 'इतरांची आयुष्ये' हा जर्मन चित्रपट मार्च २००६ मध्ये जर्मनीत प्रदर्शित झाला. त्याचा लेखक-दिग्दर्शक फ्लोरियान हेन्केल फॉन डोनर्समार्क तेव्हा ३२ वर्षांचा होता आणि पूर्ण लांबीचा हा त्याचा पहिलाच चित्रपट. पुढच्या फेब्रुवारीत परभाषिक चित्रपटासाठीचे ऑस्कर त्याला मिळाले. दीपा मेहतांचा 'वॉटर' त्या वर्षी कॅनडातर्फे याच स्पर्धेत होता. गोष्ट दोन वाक्यांत सांगता येते. पूर्व बर्लिनमध्ये १९८४ साली एका नाटककारावर पाळत ठेवायला नेमलेला गुप्त पोलीस अधिकारी त्याचे बोलणे, त्याचे संगीत आणि त्याचे प्रेम ऐकता ऐकता बदलतो, आणि अखेर त्यालाच वाचवतो. चित्रपटाविषयीच्या गैरसमजाची सुरुवातही याच दोन वाक्यांत होते. कलेच्या स्पर्शाने पाषाणाला पाझर फुटला, अशी त्याची ओळख करून दिली जाते. ज्यांना तो आवडतो ते याच कारणासाठी त्याला डोक्यावर घेतात आणि ज्यांना आवडत नाही ते याच कारणासाठी त्याला भाबडा ठरवतात. या पुस्तकात चित्रपटाचा प्रसंगवार परिचय आणि त्यामागचा इतिहास वाचकांना मिळेल. त्याआधी या प्रस्तावनेत एक मुद्दा मांडायचा आहे. दडपशाहीचे राज्य शेवटी अहवाल लिहिणाऱ्या हातांवर उभे असते, आणि त्या प्रत्येक हाताला न लिहिण्याची जागा, कितीही चिंचोळी असली तरी, असते. हे दाखवण्यात या चित्रपटाचे खरे मोल आहे. ती जागा दिसली, की भल्या माणसाचे कौतुक मागे पडते आणि बाकीच्यांच्या जबाबदारीचा प्रश्न पुढे येतो.

ज्या राज्याची ही गोष्ट आहे, ते आधी समजून घ्यायला हवे. जर्मन लोकशाही प्रजासत्ताक, म्हणजे आपण ज्याला पूर्व जर्मनी म्हणत होतो तो देश, १९४९ मध्ये स्थापन झाला. त्याच्या राज्यसुरक्षा मंत्रालयाची स्थापना ८ फेब्रुवारी १९५० ची. लोक त्याला 'स्टासी' म्हणत. १९५७ पासून १९८९ पर्यंत, म्हणजे तब्बल ३२ वर्षे, एरिश मिल्के हा एकच माणूस त्याचा प्रमुख होता. राजवट कोसळली तेव्हा स्टासीकडे सुमारे ९१,००० पूर्णवेळ कर्मचारी होते. त्यांच्याशिवाय शेजारी, सहकारी, नातलग, मित्र अशा वेषांत वावरणारे सुमारे १,८९,००० खबरे वेगळे. देशाची लोकसंख्या होती १ कोटी ६४ लाखांच्या आसपास. दोन्ही आकडे एकत्र धरले तर साधारण ६० माणसांमागे एक माणूस इतरांची माहिती वर पोचवण्याच्या कामाला लागलेला होता. या आकड्यांकडे भीतीच्या मापाने पाहणे साहजिक आहे, पण ते श्रमाचेही आकडे आहेत. इतकी माणसे रोज सकाळी उठून कामावर जात, ऐकत, पाहत, टिपत आणि संध्याकाळी घरी परतत. दहशत ही त्यांची नोकरी होती. तिला पगार होता, बढती होती, निवृत्तिवेतन होते.

या नोकरीतून जे निर्माण होई ते कागद. स्टासीच्या उरलेल्या दस्तऐवजांची लांबी फडताळांच्या हिशेबाने १११ किलोमीटर भरते. शेवटच्या आठवड्यांत घाईघाईने फाडलेल्या कागदांची पंधरा हजारांहून अधिक पोती सापडली, ती वेगळीच. तुरुंगातल्या खुर्चीच्या आसनावरचे कापड काढून कैद्याच्या घामाचा वास काचेच्या बरणीत साठवण्याची पद्धत या मंत्रालयात खरोखरच होती, आणि चित्रपटाच्या पहिल्या काही मिनिटांत ती दिसते. सत्तरच्या दशकात जगात प्रतिमा सांभाळायची गरज वाढली, तसे उघड अटकेपेक्षा आतून पोखरण्याचे तंत्र अधिक सोयीचे ठरले. जानेवारी १९७६ च्या '१/७६' या क्रमांकाच्या अंतर्गत निर्देशाने या तंत्राला नियमबद्ध रूप दिले. माणसाची अब्रू पद्धतशीर घालवायची, त्याच्या कामात ठरवून अपयश आणायचे, त्याच्या गटात संशय पेरायचा, त्याचा स्वतःवरचा विश्वास उडवायचा, आणि हे सारे असे करायचे की आपल्या दुर्दैवामागे कोणाचा हात आहे हे त्याला कळूही नये. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कवी-गायक वोल्फ बीअरमान पश्चिम जर्मनीत कार्यक्रमाला गेलेला असताना त्याचे नागरिकत्व काढून घेण्यात आले. निषेधाच्या पत्रावर सह्या करणाऱ्या अनेक कलावंतांची कामे पुढे बंद झाली. चित्रपटातला आल्बेर्ट येर्स्का हा सात वर्षे रंगभूमीपासून तोडलेला दिग्दर्शक याच हवेत श्वास घेतो. त्याला कोणी मारत नाही, कोणी कोठडीत टाकत नाही. फक्त काम देत नाही. एवढे त्याला पुरते.

या पार्श्वभूमीवर कॅप्टन गेर्ड वीसलर येतो. होहेनशोनहाउझेनच्या तुरुंगात तो एका कैद्याला झोपू न देता तासन्‌तास प्रश्न विचारतो आणि त्याच चौकशीची ध्वनिफीत लावून पोट्सडामच्या प्रबोधिनीत नव्या पोरांना धडे देतो. खरे बोलणारा शब्द बदलून बोलतो, खोटे बोलणारा घोकलेले वाक्य पुन्हा म्हणतो, हे तो शांतपणे समजावतो. एक विद्यार्थी विचारतो की हे अमानुष नाही का; वीसलर आसनव्यवस्थेच्या तक्त्यावर त्या मुलाच्या नावापुढे एक फुली मारतो. हा सगळा माणूस त्या फुलीत सामावलेला आहे. तो क्रूर नाही, लाचखाऊ नाही, कामचुकार नाही. त्याचा आपल्या पक्षावर विश्वास आहे आणि हातातल्या पेन्सिलीवर त्याहून अधिक. त्याचा वर्गमित्र आणि वरिष्ठ ग्रुबित्झ मात्र पदोन्नतीपलीकडे कशावरच विश्वास ठेवत नाही. सांस्कृतिक मंत्री हेम्फ याला नाटककार गेओर्ग ड्रायमान वाटेतून दूर हवा असतो, कारण ड्रायमानची सखी, अभिनेत्री क्रिस्टा-मारिया झीलांट, त्याला स्वतःसाठी हवी असते. मंत्र्याच्या वासनेला राज्यसुरक्षेचे नाव मिळते आणि ड्रायमानच्या घरात तारा बसवल्या जातात. समोरच्या दारातून हे पाहणाऱ्या शेजारणीला एक वाक्य ऐकवले जाते: तोंड उघडलेस तर मुलीची वैद्यकीय शिक्षणाची जागा जाईल. धमकी दिल्यानंतर वीसलर सहकार्याबद्दल तिला भेटवस्तू पाठवायला सांगतो.

आता वीसलर कसा बदलतो ते क्रमाने पाहू, कारण सारा वाद या क्रमावर ठरतो. 'भल्या माणसाचा सोनाटा' पियानोवर वाजतो आणि हेडफोन लावलेल्या वीसलरच्या डोळ्यांत पाणी येते, हा प्रसंग इतका प्रभावी आहे की सारा बदल तिथेच झाला असे वाटत राहते. प्रत्यक्षात पहिला तडा त्याआधी गेलेला असतो. ही कारवाई राज्यासाठी नसून मंत्र्यासाठी आहे, हे कळते तेव्हा वीसलरमधला निष्ठावंत दुखावतो. सोनाट्यानंतर लिफ्टमध्ये भेटलेला एक लहान मुलगा निरागसपणे सांगतो, की स्टासीवाले वाईट असतात असे आपले बाबा म्हणतात. वीसलर सवयीने नाव विचारायला तोंड उघडतो, वाक्य अर्ध्यावर तोडतो आणि मुलाच्या चेंडूचे नाव विचारतो. न लिहिलेला पहिला अहवाल हा. पुढे येर्स्काच्या आत्महत्येने हादरलेले मित्र घरावर पाळत आहे का हे तपासण्यासाठी, एकाला गाडीत लपवून सीमेपार नेणार असल्याची खोटी चर्चा मुद्दाम घरात करतात. वीसलर सीमाचौकीला कळवण्यासाठी फोन उचलतो आणि ठेवून देतो. गाडी अडवली जात नाही, म्हणून ते समजतात की घर सुरक्षित आहे, आणि त्यांचा धोका आणखी वाढतो. पूर्व जर्मनीने आत्महत्यांचे आकडे प्रसिद्ध करणे थांबवले होते. त्याविषयी ड्रायमान पश्चिमेतल्या 'डेर श्पीगेल' या साप्ताहिकासाठी चोरून आणलेल्या टाइपरायटरवर लेख लिहितो. त्यांचे बेत ऐकून वीसलरचे मन पुन्हा उलटते, तो सारे काही टाइप करतो आणि पाकीट घेऊन ग्रुबित्झच्या खोलीत जातो. तिथे ग्रुबित्झ कलावंतांना त्यांच्या स्वभावानुसार कसे मोडावे या विषयावरच्या प्रबंधाची बढाई मारत असतो. ते ऐकल्यावर पाकीट हातातच राहते. यानंतर वीसलर खोटे अहवाल लिहू लागतो; लेखाच्या जागी लेनिनवरचे एक काल्पनिक नाटक लिहिले जात असल्याची माहिती वर जाते. मुलाचे न विचारलेले नाव, ठेवून दिलेला फोन, न दिलेले पाकीट, खोटा अहवाल अशा पायऱ्यांनी हा माणूस चढत जातो; मध्ये एकदा घसरतोही. यातली एकही पायरी हृदयाच्या कोमलतेने आपोआप घडत नाही. प्रत्येक वेळी हाताला काहीतरी करायचे असते आणि तो थांबवावा लागतो.

म्हणून कला माणसाला सुधारते असा भाबडा संदेश हा चित्रपट देतो, हा आक्षेप मला मान्य नाही. डोनर्समार्कला ही कथा सुचली ती गॉर्कीने नोंदवलेल्या लेनिनच्या उद्गारावरून: बेटोफेनचा 'अपासिओनाता' फार ऐकू नये, ऐकला की माणसांच्या डोक्यावरून हात फिरवावासा वाटतो आणि क्रांती अपुरी राहते, असा त्याचा आशय. ड्रायमानही सोनाटा वाजवून झाल्यावर हीच आठवण क्रिस्टा-मारियाला सांगतो आणि विचारतो, की हे संगीत मनापासून ऐकलेला माणूस वाईट असू शकेल का. प्रेक्षकाने या प्रश्नाला लगेच होकार-नकार देऊ नये, कारण उत्तर चित्रपटातच मांडून ठेवलेले आहे. मंत्री हेम्फ नाट्यगृहाच्या प्रेक्षागारात बसलेला असतो. तो नाटके पाहतो, पहिल्या प्रयोगानंतरच्या मेजवानीत वावरतो, कलावंतांची भाषा बोलतो. ग्रुबित्झ कलावंतांचा अभ्यास करून त्यांना मोडण्याचे शास्त्र शिकतो. कला तिघांच्याही कानांवर पडली आणि दोघांवर तिचा काही परिणाम झाला नाही. कलेने वीसलरला सद्‌गुण दिला नाही, गैरसोय दिली. आजवर ज्या आयुष्यावर तो नोंदी करत होता ते आयुष्य आतून ऐकू आले, आणि अहवालाची कोरडी वाक्ये त्या आयुष्याला पुरेनाशी झाली. ती गैरसोय सोसायची की मिटवायची, हा निर्णय त्याचा होता. कलेवर एवढाच भरवसा ठेवणे मला रास्त वाटते. जास्त ठेवला की तो फसवतो.

याहून कितीतरी गंभीर आक्षेप इतिहासाच्या बाजूने आला, आणि तो टाळून या चित्रपटाचे कौतुक करणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. होहेनशोनहाउझेनच्या तुरुंगाचे आज स्मारक आहे. त्या स्मारकाचे तेव्हाचे संचालक, इतिहासकार हुबेर्टुस क्नाबे यांनी तिथे चित्रीकरणाला परवानगी नाकारली. स्टासीच्या माणसाला नायक करणे हा तिथे छळ सोसलेल्यांचा अपमान आहे, ही त्यांची भूमिका होती. दिग्दर्शकाने नाझींच्या काळात ज्यूंना वाचवणाऱ्या शिंडलरचा दाखला दिला; शिंडलर खरोखर होऊन गेला, वीसलर कधी झालाच नाही, असे क्नाबे यांचे म्हणणे पडले. 'स्टासीलँड' या पुस्तकाच्या लेखिका आना फंडर यांनी आणखी पुढचा मुद्दा मांडला: असा माणूस असूच शकला नसता. तिथे कामाचे तुकडे पाडलेले असत, एकाच्या नोंदीवर दुसऱ्याची नजर असे, पाळत ठेवणाऱ्यांवरही पाळत असे. एकट्या अधिकाऱ्याने महिनोन्‌महिने खोटे अहवाल पाठवावेत आणि कोणाला कळू नये, हे त्या यंत्रणेत घडणे कठीण होते. बंडखोर अधिकाऱ्याचे काय होई याचाही दाखला आहे. स्टासीचाच एक कॅप्टन, वेर्नेर टेस्के, कागदपत्रे जमवून पश्चिमेत पळून जाण्याच्या विचारात होता. तो पळालाही नाही, तरी २६ जून १९८१ रोजी लाइप्झिगमध्ये त्याला गोळी घालून देहदंड देण्यात आला. पूर्व जर्मनीत दिला गेलेला तो शेवटचा देहदंड. या मानाने वीसलरला मिळालेली शिक्षा, तळघरात बसून पत्रे वाफेवर उघडत निवृत्तीची वाट पाहणे, सौम्य आहे. दुसऱ्या बाजूला ज्याला या राजवटीने देशाबाहेर ठेवले त्या बीअरमानने चित्रपटाची वाखाणणी केली, आणि स्टासीच्या दस्तऐवजांचे पहिले आयुक्त योआखिम गाउक यांनीही त्यातले वातावरण खरे असल्याची ग्वाही दिली. सोसलेल्यांचीच दोन मते पडावीत, इतका हा प्रश्न अवघड आहे.

माझे म्हणणे असे. वीसलर झाला नाही, हे इतिहासाचे विधान आहे आणि ते स्वीकारावे लागेल. वीसलर होऊच शकला नसता, हे मात्र वेगळे विधान आहे, आणि त्याचा परिणाम फंडर यांना अभिप्रेत असलेल्याच्या नेमका उलट होतो. वेगळे वागणे कोणालाच शक्य नव्हते असे एकदा मान्य केले, की ९१,००० कर्मचाऱ्यांपैकी एकालाही दोष देता येत नाही. यंत्रणाच तशी होती, मी काय करणार, हा प्रत्येक राजवटीतल्या प्रत्येक कारकुनाचा बचाव आपणच त्याच्या हाती देतो. न घडलेल्या एका अपवादाची कल्पना करून चित्रपट हाच बचाव काढून घेतो. लिफ्टमधल्या मुलाच्या बापाचे नाव न विचारायला किती धैर्य लागले असते? कोणीही पाहत नव्हते. शौर्याची गरज नव्हती, देहदंडाचा धोका नव्हता. वाक्य अर्ध्यावर तोडायचे होते. अशा लहान जागा त्या नोकरीत रोज येत असणार आणि रोज त्या भरून टाकल्या जात असणार. म्हणून वीसलर मला स्टासीला दिलेले क्षमापत्र वाटत नाही. तो इतरांविरुद्धचा साक्षीदार आहे. आणि इतिहासातही हाताने स्वतः निर्णय घेतल्याचा एक जगाला ठाऊक असलेला क्षण आहे. ९ नोव्हेंबर १९८९ च्या रात्री बोर्नहोल्मर रस्त्यावरच्या सीमाचौकीत पारपत्र तपासणीची सूत्रे हाराल्ड येगर या स्टासीच्याच लेफ्टनंट कर्नलच्या हाती होती. बाहेर हजारो लोक जमले होते, वरिष्ठांकडून स्पष्ट आदेश येत नव्हता. त्याने फाटक उघडायला लावले. तो वीसलर नव्हता. गर्दीच्या रेट्यापुढे त्याने हे केले, गुपचूप कोणाला वाचवले नाही. तरीही गोळीबार किंवा फाटक यांतली निवड त्या रात्री एका अधिकाऱ्याच्या हातात होती आणि त्याने ती केली. यंत्रणेच्या आत निवडीला जागाच नव्हती, हे म्हणणे या घटनेनंतर टिकत नाही.

लिहिणाऱ्या हातावरचा हा भर चित्रपटाच्या शेवटच्या भागात पूर्ण होतो. भिंत पडल्यावर ड्रायमानला हेम्फकडूनच कळते की त्याच्या घरात पाळत होती. तो भिंतीतल्या तारा उपसतो आणि आपली फाइल वाचायला दस्तऐवजांच्या वाचनकक्षात जातो. हा भाग पटकथेची सोय नाही. पूर्व जर्मनीच्या लोकांनी तो हक्क झगडून मिळवला. १५ जानेवारी १९९० रोजी नागरिकांनी बर्लिनच्या नोर्मानेनश्ट्रासवरील स्टासी मुख्यालयाचा ताबा घेतला. २९ डिसेंबर १९९१ रोजी लागू झालेल्या कायद्याने आपली फाइल पाहण्याचा हक्क प्रत्येकाला दिला आणि जानेवारी १९९२ पासून माणसे येऊन स्वतःच्या आयुष्याची सरकारी आवृत्ती वाचू लागली. त्या वाचनाने संसार मोडले. नागरी हक्कांसाठी झगडणाऱ्या फेरा लेंग्सफेल्ड यांना कळले की आपल्यावर अहवाल लिहिणारा खबऱ्या आपला पतीच होता. लेखिका क्रिस्टा वोल्फ यांच्यावर पाळत ठेवणाऱ्या फायलींचे ४२ खंड निघाले, आणि त्यांच्याबरोबर एक पातळ फाइलही निघाली, ज्यात १९५९ ते १९६२ या काळात त्या स्वतः खबऱ्या असल्याची नोंद होती. वीसलरची भूमिका करणारे उलरिश म्यूहे हे पूर्व जर्मनीच्याच रंगभूमीवरचे मोठे नट. त्यांच्यावरही पाळत होती. आपल्या पूर्वीच्या पत्नीने आपल्यावर खबऱ्या म्हणून काम केले, असे ते म्हणत; तिने ते ठामपणे नाकारले आणि ते विधान पुन्हा करायला न्यायालयाने मनाई केली. फाइल सत्य सांगतेच असे नाही, हे यातून दिसते. पण फाइलला लेखक असतो, हे नक्की दिसते. ड्रायमान आपली फाइल वाचतो तेव्हा त्याला अहवाल आणि प्रत्यक्ष घटना यांतली फट दिसते. शेवटच्या पानावर टाइपरायटरच्या लाल शाईचा बोटाचा ठसा दिसतो. खाली अहवाल लिहिणाऱ्याचा सांकेतिक क्रमांक असतो. उंबरठ्याखाली लपवलेले यंत्र झडतीआधी कोणी हलवले, ते त्याला कळते. ज्या कागदाने त्याला संपवायचे होते त्याच कागदाने साक्ष दिली, कारण तो कागद लिहिणारा हात माणसाचा होता आणि त्याचा माग निघत होता.

क्रिस्टा-मारियाविषयीचा आक्षेप मात्र मी खोडून काढू शकत नाही. मंत्र्याच्या बळजबरीची शिकार तीच होते, गोळ्यांच्या व्यसनाच्या कारणाने अटक तिचीच होते, फितुरी तिच्याकडूनच करवून घेतली जाते आणि मालमोटारीखाली मरण तिलाच येते. कथेच्या शेवटी कृतज्ञता व्यक्त होते ती दोन पुरुषांमध्ये. ती या देवघेवीतून गायब असते. पटकथेला नाटककार निष्कलंक आणि अधिकारी पश्चात्तापदग्ध हवा होता, म्हणून कलंक आणि मृत्यू दोन्ही तिच्या पदरात पडले, असे कोणी म्हटले तर त्यात तथ्य आहे. ही भूमिका करणाऱ्या मार्टिना गेडेकने या पात्राला जी प्रतिष्ठा दिली, तिने हा असमतोल काहीसा सावरतो, मिटत नाही. पण या आक्षेपातूनच एक गोष्ट पुढे येते, जी चित्रपटाचे चाहते सहसा विसरतात. टाइपरायटर कुठे आहे, हे क्रिस्टा-मारियाकडून काढून घेणारा चौकशी अधिकारी वीसलर स्वतः असतो. ग्रुबित्झ काचेआडून पाहत असतो, म्हणून वीसलर जुन्याच कसबाने तिला मोडतो आणि मग यंत्र हलवायला धावतो. ड्रायमान वाचतो; ती वाचत नाही. यंत्रणेत राहून गुपचूप चांगुलपणा करू पाहणाऱ्याला यंत्रणेचे काम करावेच लागते आणि त्याची किंमत कोणी तिसराच मोजतो, हे चित्रपटाने इथे लपवलेले नाही. म्हणून वीसलरला संत म्हणणे चूक आहे. चित्रपटही त्याला तसे म्हणत नाही. एकीकरणानंतर तो घरोघर जाहिरातीची पत्रके टाकत फिरतो. त्याला कोणी गौरवत नाही, आणि त्याने ते मागितलेलेही नाही.

मराठी वाचकाला या जगाशी एक जुने नाते आहे, ते लक्षात घेतले तर चित्रपट अधिक जवळचा वाटेल. पूर्व जर्मनीची सर्वांत प्रतिष्ठित सांस्कृतिक ओळख होती बेर्टोल्ट ब्रेख्ट. त्याचे बर्लिनर आन्साम्बल १९४९ मध्ये पूर्व बर्लिनमध्ये उभे राहिले. मराठी रंगभूमीने ब्रेख्टला मनापासून आपलेसे केले. व्यंकटेश माडगूळकरांनी 'देवाजीने करुणा केली' लिहिले, पु. ल. देशपांड्यांनी 'तीन पैशाचा तमाशा' आणला, आणि चिं. त्र्यं. खानोलकरांचे 'अजब न्याय वर्तुळाचा' विजया मेहतांनी उभे केले ते वायमारचे दिग्दर्शक फ्रिट्झ बेनेवित्झ यांच्या सहयोगाने. सत्तरच्या दशकात मुंबईच्या रंगकर्मींना दिसलेला पूर्व जर्मनी हा असा होता: सुसंस्कृत, नाट्यप्रेमी, उदार. तो खोटा नव्हता. पण त्याच वर्षांत त्याच देशात '१/७६' चा निर्देश लिहिला जात होता. वीसलर ड्रायमानच्या टेबलावरून ब्रेख्टचे पुस्तक चोरून नेतो आणि सोफ्यावर पडून वाचतो, तेव्हा राज्याने मिरवलेला कवी राज्याच्याच हेराला अस्वस्थ करतो. सोनाट्याच्या नावातही ब्रेख्टच्या 'सेझुआनची भली बाई' या नाटकाचा सूर आहे. माडगूळकरांनी मराठीत आणले ते हेच नाटक. वाईट व्यवस्थेत भले राहता येते का, हा त्या नाटकाचा प्रश्न, आणि ब्रेख्टने तो प्रेक्षकांच्या हवाली करून ठेवला. डोनर्समार्कचा चित्रपट त्याला अर्धे उत्तर देतो: भले राहता येते की नाही ते सांगता येत नाही, पण एखादी वाईट गोष्ट आपल्या हातून होऊ न देणे शक्य असते.

हा चित्रपट टेपरेकॉर्डर आणि तारांच्या काळातला आहे, त्याचा आता काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध अधिकच आहे, आणि तो काळजीत टाकणारा आहे. ड्रायमान वाचला, कारण माळ्यावर माणूस बसला होता. ऐकायला माणूस लागतो तोवर थकणे, शंका येणे, लाज वाटणे, पाकीट हातातच राहणे या शक्यता शिल्लक असतात. संगणक ऐकू लागला, की तो नोंद गाळत नाही आणि त्याला कधी संकोच होत नाही. इतकेच नव्हे, तर नोंद कोणी केली असे विचारले तर उत्तर द्यायला समोर कोणी नसते. म्हणून या चित्रपटातून भल्या हेरांची आशा उचलू नये. राज्याच्या दारात वीसलर भेटेल या भरवशावर कोणत्याही नागरिकाने राहू नये. पूर्व जर्मनीत तो कोणाला भेटला नाही. उचलायचे ते १९९१ च्या त्या कायद्यातून उचलावे. आपल्याविषयी काय लिहिले गेले, कोणी लिहिले आणि कोणाच्या आदेशावरून लिहिले, हे ज्याच्याविषयी लिहिले त्याला वाचता आले पाहिजे. नोंद हाताने केलेली असो वा यंत्राने, तिच्यामागे उभ्या असलेल्या माणसाला शोधता आले पाहिजे. ड्रायमानला ते शोधता आले, म्हणून त्याला आभार मानता आले. लेंग्सफेल्ड यांना शोधता आले, म्हणून त्यांना जाब विचारता आला. उपकाराचे ऋण आणि अपराधाचा हिशेब या दोन्हींसाठी लिहिणाऱ्याचे नाव लागते. ते नाव मागण्याचा हक्क ज्या समाजात नागरिकांच्या हाती असतो, तिथे अहवाल लिहिणारा हात लिहिण्याआधी विचार करतो. हा चित्रपट पाहून वाचकांना तो हक्क आपला वाटू लागला, तर या पुस्तकाचे काम झाले असे मी मानेन.